पांढरी तीनवरून काळी चार: सेलीन डिऑन समजून घेताना

घरात पेटी असेल तर काढा. पांढरी तीनचा (सप्तकातल्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीचा) सा धरा आणि 'टायटॅनिक'चं ते गाणं, 'माय हार्ट विल गो ऑन', सावकाश वाजवत जा. सुरुवातीला ती बारीक शीळ घालणारी टिन व्हिसल, मग अंतरा, मग ध्रुवपद, सगळं बोटांखाली नीट बसतं. तिसरं मिनिट उलटलं की मात्र बोटं फसतात. वाद्यं श्वास रोखल्यासारखी होतात, ड्रम्स धडाडतात आणि बाईंचा आवाज भलतीकडेच निघून गेलेला असतो. कुठे गेला म्हणून शोधत बसलं तर काळी चारवर सापडतो. काळ्या-पांढऱ्या मिळून मोजल्या तर अख्खं गाणं चार पट्ट्या वर सरकलेलं असतं.

मी हे पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा वाटलं, आपली पेटीच बेसूर झाली. पुढे त्याच सुमारास एका वरातीत बँडवाल्यांनी क्लॅरिनेटवर हेच गाणं वाजवलेलं ऐकलं. बुडालेल्या जहाजाचं, गमावलेल्या प्रियकराचं गाणं, आणि मागे घोड्यावर नवरदेव. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. बँडवाल्यानं मात्र शेवटपर्यंत पट्टी बदलली नाही. शहाणा माणूस.

ते गाणं गाणारी सेलीन डिऑन जगात सर्वाधिक खपलेल्या गायिकांपैकी एक आहे. तिच्या सगळ्या अल्बमांचा मिळून खप वीस कोटींच्या घरात सांगितला जातो. एवढं असूनही तिचं नाव काढलं की पाश्चात्त्य समीक्षक वर्षानुवर्षं नाक मुरडत आले. आरडाओरडा, गुळचट, बटबटीत, असं सगळं म्हणून झालं. नेमकं काय करते ही बाई, आणि ते इतक्या लोकांना का हवं असतं?

आधी शब्दाचा घोळ मिटवू. 'बॅलड'चा मराठी अर्थ शब्दकोशात शोधला तर 'पोवाडा' सापडतो. मूळ अर्थानं ते बरोबरच आहे, कारण युरोपातलं जुनं बॅलड म्हणजे गोष्ट सांगणारं लोकगीत. पण पॉप बॅलडचा त्या पोवाड्याशी आता नावापुरताच संबंध उरलाय. गोष्ट गळून पडली, उरली ती एका माणसाची एका क्षणाची भावना. लय संथ, शब्द 'मी' आणि 'तू' यांच्यातले. आपल्याकडे जवळचं नातं शोधायचं तर ते भावगीतात सापडेल. दोन्हीही मायक्रोफोनच्या जमान्यात फोफावलेली. माइक नसता तर कानात कुजबुजल्यासारखं गाऊन हजार माणसांपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं.

भावगीत मात्र बहुतेकदा ज्या आवाजात सुरू होतं त्याच आवाजात संपतं. 1980-90च्या दशकातलं ज्याला 'पॉवर बॅलड' म्हणतात ते तसं नाही. त्याची बांधणी घाटासारखी असते. पहिला अंतरा खालच्या सुरांत, साथीला पियानो किंवा एखादा सिंथेसायझर, एवढंच. ध्रुवपद आलं की थोडं वर. दुसऱ्या अंतऱ्याला ड्रम्स येतात, पण अजून हात राखून. मग एक मधला तुकडा, जिथे चाल वेगळीच वाट धरते आणि ऐकणाऱ्याचा तोल जातो. आणि तो तोल सावरायच्या आत, पट्टी बदलून, सगळ्या वाद्यांसह शेवटचं ध्रुवपद. मोठ्यानं गाणं यात कठीण नाही. तीन मिनिटं मोठ्यानं न गाणं कठीण आहे. सगळा दारूगोळा शेवटच्या मिनिटासाठी राखायचा आणि तरी सुरुवातीला ऐकणारा सुटू द्यायचा नाही.

पट्टी बदलण्याचं थोडं सविस्तर सांगतो, कारण शास्त्रीय संगीताचा कान असलेल्यांना तेच सर्वांत खुपतं. आपल्याकडे तंबोरा लागला की सा हलत नाही. सा हलला तर मैफलच मोडली. मूर्च्छना नावाचा प्रकार आपल्याकडे आहे, त्यात दुसऱ्याच स्वराला सा मानून गातात, पण तिथे पट्ट्या त्याच राहतात, फक्त बघायची जागा बदलते. इथे तसं नाही. 'टायटॅनिक'च्या गाण्यात जुन्या सा-चा जो गंधार (ग) होता, तोच नवा षड्ज (सा) होतो आणि त्याच्यावर पूर्ण सप्तक नव्यानं मांडलं जातं. म्हणजे काही स्वर असे येतात जे आत्तापर्यंत गाण्यात नव्हतेच. तेच ध्रुवपद तिसऱ्यांदा ऐकताना कान खरं तर कंटाळलेला असतो. एकाएकी खोलीतले दिवे बदलावेत तसं सगळं नवं वाटायला लागतं. शब्द तेच, चाल तीच.

आणखी एक साधी गोष्ट होते. चार पट्ट्या वर गेल्यावर गाणारी व्यक्ती आपल्या आवाजाच्या टोकाशी येऊन ठेपते. ती आता तुटणार, असं ऐकणाऱ्याला वाटतं. सर्कशीतल्या तारेवरच्या माणसाकडे बघतो तसे आपण ऐकत असतो. बहुतेक अरेंजर, म्हणजे गाण्याचा वाद्यमेळ बांधणारे, एका किंवा दोन पट्ट्यांची उडी घेतात, कारण त्यापेक्षा जास्त झेपणारे गळे फार नसतात. चारची उडी हा थेट गळ्यावरचा विश्वास आहे.

तो गळा काय करतो? शेताच्या बांधावरून कुणाला हाळी द्यायची झाली तर आपण जो भरदार, छातीतून येणारा आवाज लावतो तो खालच्या सुरांत सोपा असतो. वर जाऊ लागलं की आवाज एका ठिकाणी 'फुटतो' आणि बारीक, हलका होतो. बहुतेक गायिका त्या जागेनंतर हलका आवाज स्वीकारतात आणि त्यातच नजाकत आणतात. सेलीन तो हाळीचा दाटपणा वरपर्यंत घेऊन जाते. याला इंग्रजीत बेल्टिंग म्हणतात. आतून पाहिलं तर स्वरतंतू जास्त वेळ आणि जास्त घट्ट मिटलेले राहतात, खालून फुप्फुसातल्या हवेचा दाब वाढतो. चुकीच्या पद्धतीनं केलं तर गळा महिन्यांत खराब होतो.

तिचाही झाला होता. 1989-90च्या सुमारास दौऱ्यावर आवाज बसला. डॉक्टरांनी दोन पर्याय दिले: लगेच शस्त्रक्रिया, नाहीतर तीन आठवडे एक शब्दही बोलायचा नाही. तिनं मौन पत्करलं. मग नव्यानं आवाज कमवायला शिकली. पुढे कित्येक वर्षं, दौऱ्यात कार्यक्रम नसेल त्या दिवशी मौन पाळायचं, हा तिच्या रोजच्या जगण्याचाच भाग झाला. गळा दाखवून कमावणाऱ्या बाईच्या आयुष्यातला बराच काळ गप्प बसण्यात गेलाय, हे मला तिच्या कुठल्याही पुरस्कारापेक्षा जास्त लक्षात राहतं.

ती मूळची कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातली. मॉन्ट्रियलजवळच्या शार्लमान्य नावाच्या छोट्या गावात 30 मार्च 1968 रोजी जन्मली, चौदा भावंडांतलं शेंडेफळ. घरात फ्रेंच. पैशांची चणचण आणि गाण्याची रेलचेल. वडील अकॉर्डियन वाजवत, आई व्हायोलिन. पुढे घरच्यांनी एक छोटा पियानो बार चालवला आणि ही पोर तिथे गिऱ्हाइकांसमोर गाऊ लागली. बारा वर्षांची असताना आई आणि भावानं मिळून तिच्यासाठी एक गाणं रचलं. घरगुती टेप तयार झाली. एका भावाला एका प्रसिद्ध गायिकेच्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला व्यवस्थापकाचं नाव सापडलं, रेने आंजेलील. टेप त्याच्याकडे गेली.

आंजेलीलनं तिला भेटायला बोलावलं, हातात पेन दिलं आणि म्हणाला, हा माइक समज. बारा वर्षांची मुलगी पेनात गायली आणि आंजेलीलच्या डोळ्यांत पाणी आलं, असं दोघंही पुढे सांगत राहिले. त्यानं तिच्या पहिल्या अल्बमसाठी स्वतःचं घर गहाण टाकलं. अल्बम 1981 साली आला. पुढच्याच वर्षी टोकियोतल्या यामाहा गीतमहोत्सवात तिला सुवर्णपदक मिळालं. 1984मध्ये पोप जॉन पॉल दुसरे मॉन्ट्रियलला आले तेव्हा ऑलिंपिक स्टेडियममध्ये त्यांच्यासमोर गाण्याचा मान सोळा वर्षांच्या सेलीनला मिळाला. कॅथलिक क्वेबेकमध्ये याचा अर्थ असा की आता आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना ती घरचीच.

याच आंजेलीलशी तिनं 1994मध्ये लग्न केलं. तो तिच्यापेक्षा सव्वीस वर्षांनी मोठा. नातं जुळलं ते ती सज्ञान झाल्यावर, युरोव्हिजनच्या वेळी, असं दोघांनी सांगितलं. जगासमोर ते आलं 1993 साली. चाहते याकडे परीकथा म्हणून बघतात. मला तसं बघता येत नाही. बारा वर्षांच्या मुलीच्या आयुष्याची सूत्रं हाती घेतलेला माणूस पुढे तिचा नवरा होतो, यात अवघडल्यासारखं वाटण्याजोगं आहेच. पण तिनं स्वतः कधी तक्रारीचा सूर लावला नाही, आणि तो गेल्यानंतरही त्याच्याबद्दल ती ज्या मायेनं बोलते ती खोटी वाटत नाही.

वर युरोव्हिजनचा उल्लेख आला. ही युरोपातल्या देशांची वार्षिक गीतस्पर्धा. 1988 साली डब्लिनमध्ये सेलीननं ती जिंकली, आणि तीही स्वित्झर्लंडकडून. कॅनडाची मुलगी स्वित्झर्लंडची कशी, असा प्रश्न पडेल. तिथे गायक त्या देशाचा नागरिक असावा अशी अट नसते. ब्रिटनचे 136 गुण, तिचे 137. एका गुणानं.

मग आली इंग्रजी. तिला ती जवळजवळ येत नव्हती. वर्गात बसून शिकली आणि 1990 साली पहिला इंग्रजी अल्बम आला. त्याच वर्षी क्वेबेकच्या फेलिक्स पुरस्कारांत तिला 'इंग्रजी गायक' म्हणून गौरवायचं ठरलं, तर तिनं मंचावर उभं राहून तो नाकारला. मी इंग्रजी गायिका नाही, असं तिचं म्हणणं. फ्रेंच अस्मितेपायी ज्या प्रांतात कॅनडातून वेगळं होण्यावर सार्वमतं झाली तिथे हे वाक्य किती वजनाचं होतं, ते सीमाभागातल्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

आता समीक्षकांच्या मुख्य आक्षेपाकडे येऊ: ती स्वतःची गाणी लिहीत नाही. रॉक संगीतानं पाश्चात्त्य जगाच्या मनावर असं बिंबवलं की खरा कलावंत तो, जो स्वतः लिहितो, चाल लावतो आणि गातो. दुसऱ्याची गाणी गाणारा म्हणजे भाड्याचा आवाज. या मापानं सेलीन नापास. 1994मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं तिचं 'द पॉवर ऑफ लव्ह' जेनिफर रशनं 1985मध्येच ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेलं होतं. 'ऑल बाय मायसेल्फ' एरिक कारमनचं, 1975 सालचं, आणि त्यानंही त्यातली चाल रशियन संगीतकार राखमानिनोव्हच्या दुसऱ्या पियानो कॉन्चेर्टोवरून घेतलेली. 'बिकॉज यू लव्ह्ड मी' डायान वॉरनचं. 'इट्स ऑल कमिंग बॅक टू मी नाऊ' जिम स्टाइनमनचं.

मराठी श्रोत्याला हा आक्षेपच कळणार नाही. गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल, आशाताईंचा आवाज, हे आपल्याला इतकं स्वाभाविक आहे की गाणं आशाताईंचं म्हणताना आपण कुणावर अन्याय करत नसतो. संगीत नाटकांत तर जुन्या चालींवर नवी पदं बांधली जात आणि तरी ती गाणाऱ्याच्या नावानं ओळखली जात. गायक हा अर्थ लावणारा असतो, हे आपण गृहीत धरतो. सेलीन त्या जातीची आहे. ती वाचते, म्हणजे आवाजानं वाचते. 'ऑल बाय मायसेल्फ'ची कारमनची मूळ रेकॉर्ड ऐका. माणूस एकटा बसून कण्हतोय. तिच्या आवृत्तीत शेवटाकडे एक सूर असा धरून ठेवलाय की तो एकटेपणा राहत नाही, एकटेपणाविरुद्धचा निषेध होतो. निर्माता डेव्हिड फॉस्टरनं ती जागा मुद्दाम तिच्यासाठी बांधली. मला हे गाणं पटत नाही, खरं सांगायचं तर. जरा जास्तच होतं. पण अर्थ बदलला, हे मान्य करावंच लागतं.

ती कमी करू शकते का? शकते, फक्त त्यासाठी फ्रेंचकडे वळावं लागतं. 1995मध्ये ज्यां-जाक गोल्डमन या फ्रेंच गीतकार-संगीतकारानं तिच्यासाठी 'दो' नावाचा अल्बम केला. गोल्डमननं तिला सांगितलं की गाऊ नकोस, गाणं थोडं विसर. जागा घेऊ नकोस, सूर ताणू नकोस, बोलल्यासारखं म्हण. त्यातलं 'पूर क्यू तू मेम अंकोर' ऐकलं की तीच बाई ओळखू येत नाही. फ्रेंचमध्ये सर्वाधिक खपलेला अल्बम म्हणून त्याचीच गणना होते. सेलीनला नावं ठेवणाऱ्या कुणालाही मी आधी हे ऐकायला लावतो.

पुढची दोन वर्षं तिच्या शिखराची. 1996च्या 'फॉलिंग इन्टू यू'ला वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमचा ग्रॅमी मिळाला. आणि मग ते जहाज. दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉनला चित्रपटाच्या शेवटी गाणं नको होतं. संगीतकार जेम्स हॉर्नरनं गीतकार विल जेनिंग्जबरोबर ते गुपचूप रचलं आणि सेलीनला पियानोवर ऐकवलं. तिला ते आवडलं नाही! आंजेलीलनं समजूत काढली, निदान नमुन्यादाखल एकदा गा. ती गायली. कॅमेरॉनला ऐकवण्यापुरतं केलेलं ते एकच टेक. त्या दिवशी एरवी पीत नसलेली कॉफी प्यायली होती आणि आवाजातला कंप जरा जलद झाला होता, असं ती नंतर हसत सांगायची. कॅमेरॉननं होकार दिला. नंतर बाकीची वाद्यं त्या आवाजाभोवती चढवली गेली. जगानं ऐकलं ते मुळात नमुन्याचं गाणं.

इथे धंद्याची एक गंमत आहे. नोव्हेंबर 1997मध्ये अमेरिकेत हे एकच गाणं एकाच दिवशी दोन सीडींवर बाजारात आलं: चित्रपटाच्या संगीताच्या आणि सेलीनच्या स्वतःच्या अल्बमवर. दोन्ही सोनी समूहाच्या. गाणं सुटं डाउनलोड करायची सोय नव्हती. एका गाण्यासाठी माणूस पूर्ण अल्बम घेई, आणि हे गाणं हवं असलेले दोन वेगळ्या प्रकारचे लोक दोन वेगळ्या सीडी घेत. दोन्हींचा खप प्रत्येकी तीन कोटींच्या आसपास गेला. सीडीचा सुवर्णकाळ, चित्रपटाची लाट आणि चार पट्ट्यांची उडी घेणारा गळा हे तिन्ही एकाच वेळी जुळले. यातलं एक नसतं तरी हे झालं नसतं.

नंतर इंग्रजी अल्बम येत राहिले, त्यांच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सांगण्यासारखं आहे ते लास वेगसचं. तोवर वेगसमधला मुक्काम म्हणजे उतरणीला लागलेल्या गायकांची पेन्शन, असा समज होता. 2003च्या मार्चमध्ये सीझर्स पॅलेस हॉटेलनं तिच्यासाठी सुमारे चार हजार आसनांचं थिएटर उभं केलं, खर्च साडेनऊ कोटी डॉलर. ती पस्तिशीत होती आणि घरात दोन वर्षांचा मुलगा होता. दौऱ्यावर ट्रक, सामान, रोज नवं शहर, रोज नवी हवा आणि गळ्याचे हाल. त्याऐवजी गायिका जागेवर आणि जग विमानानं तिच्याकडे. नाटकाच्या बसमधून वर्षानुवर्षं फिरलेल्या कुठल्याही नटाला विचारा, एकाच थिएटरात, घरी जेवून, सातशे प्रयोग करायला मिळाले तर काय देशील. 2007पर्यंतच्या पहिल्या मुक्कामात सातशेच्या वर कार्यक्रम झाले आणि अडतीस कोटी डॉलरहून जास्त गल्ला जमला. 2011 ते 2019 दुसरा मुक्काम. आज नावाजलेले तरुण गायक वेगसला जाऊन बसतात ते या हिशेबानंतर.

जानेवारी 2016मध्ये आंजेलील घशाच्या कर्करोगानं गेला. दोनच दिवसांनी एक भाऊ गेला, त्यालाही कर्करोग.

डिसेंबर 2022मध्ये तिनं जाहीर केलं की तिला स्टिफ पर्सन सिंड्रोम आहे. दहा लाखांत एखाद-दुसऱ्याला होणारा हा आजार. समजायला तसा अवघड नाही. आपल्या स्नायूंना 'आवळ' असा निरोप मेंदूकडून जातो आणि 'पुरे' असा निरोप देण्यासाठी गाबा नावाचं एक रसायन लागतं. ब्रेकच तो. बऱ्याच रुग्णांत शरीराची प्रतिकारशक्ती गाबा तयार करणाऱ्या यंत्रणेवरच उलटलेली दिसते. मग ब्रेक लागत नाहीत, स्नायू आवळतच राहतात. मोठा आवाज, धक्का, अगदी आनंदाचा आवेगही झटका आणू शकतो. गाणाऱ्याच्या बाबतीत हे स्नायू कुठले? बरगड्यांमधले, पोटाचे, कंठाभोवतीचे. कुणी गळा दाबतंय असं वाटतं, असं तिनं सांगितलं. एकदा झटक्यानं बरगडी मोडल्याचंही. आजार समजायच्या आधी कितीतरी वर्षं ती हे लपवत होती, आवाज दगा देईल असं वाटलं की प्रेक्षकांकडे माइक वळवायची. आपल्याला ते तेव्हा आपुलकीचं वाटायचं.

26 जुलै 2024, पॅरिस ऑलिंपिकचं उद्घाटन. संध्याकाळभर पाऊस. आयफेल टॉवरवर एक पियानो, त्याच्यावर पाण्याचे थेंब, शेजारी पांढऱ्या झगमगत्या पोशाखात सेलीन. निवडलं फ्रेंच गायिका एदित पियाफचं गाणं, 'हिम्न आ लामूर'. पियाफनं ते मुष्टियोद्धा मार्सेल सेर्दांसाठी लिहिलं होतं आणि तो 1949 साली विमान अपघातात गेला. आभाळ कोसळलं तरी चालेल, तुझं प्रेम असलं की पुरे, असे त्याचे शब्द. पियानोवाला पहिले काही स्वर वाजवतो, ती एका हातानं माइक धरते, आणि खालच्या सुरांत, जवळजवळ बोलल्यासारखी, सुरू होते. शेवटाकडे ती वर जाते, हात वर जातो. त्या क्षणी मी पेटी उघडलेली नव्हती. पट्टी कुठली होती, ते पाहायचं अजून राहिलंय.